दारावर यू. एच. एच. : जुन्या मुंबईत घरं कशी तपासली जायची

प्लेगच्या काळातल्या मुंबईत काही घरांच्या दारांवर रंगानं तीन इंग्रजी अक्षरं काढलेली असत : यू. एच. एच. ही जागा माणसानं राहण्यालायक नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही इमारतींच्या दर्शनी भिंतींवर वर्तुळं असत. आत प्लेगनं एक माणूस गेला की एक वर्तुळ. त्या काळच्या फोटोंमध्ये एकेका भिंतीवर अशी अनेक वर्तुळं दिसतात.

ही अक्षरं उमटण्याच्या तीस वर्षं आधीपासून मुंबईत घरांची सरकारी तपासणी चालू होती. इन्स्पेक्टर यायचा, गटार बघायचा, संडास बघायचा, वहीत नोंद करायचा, घरमालकाला नोटीस जायची. तरीही १८९६ साली मांडवीत प्लेग आला तेव्हा तिथली घरं होती तशीच होती. तपासणी ढिली होती असं म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. तपासणारे बऱ्याच गोष्टी नीट बघत होते. घोटाळा पुढं, नोटीस आणि दुरुस्ती यांच्यामध्ये व्हायचा. तो समजायला आधी तपासणीच समजून घ्यावी लागते.

अधिकार कुठून आला

१८६४ मध्ये डॉ. अँड्र्यू लीथ यांनी मुंबई बेटाच्या स्वच्छतेवर सविस्तर अहवाल लिहिला. घरांमागच्या गल्ल्यांतली घाण जमिनीत मुरते, हा त्यातला एक मोठा मुद्दा. १८६५ च्या कायद्यानं शहराला अधिकार असलेला म्युनिसिपल कमिशनर मिळाला आणि त्याच्या हाताखाली आरोग्य अधिकारी. क्रॉफर्ड मार्केटला ज्यांचं नाव दिलं गेलं ते आर्थर क्रॉफर्ड याच काळातले कमिशनर.

पुढं १८८८ चा म्युनिसिपल कायदा आला. सुधारणा होत होत तो आजही मुंबईत लागू आहे. आपल्या विषयाची कलमं त्यात जवळजवळ ओळीनं येतात. कलम ३७४ म्हणजे स्वच्छतेची स्थिती पाहायला कुठल्याही जागेची तपासणी करण्याचा अधिकार. ३७५ म्हणजे जागा साफ करून चुना मारून घ्या, असं सांगण्याचा अधिकार. ३७८ राहण्यास अयोग्य इमारती आणि खोल्यांबद्दल, ३७९ दाटीबद्दल, ३८१ साचलेलं पाणी, डबकी, खड्डे यांबद्दल. यातलं ३८१ मुंबईकरांना आजही माहीत असतं, कारण डासांच्या अळ्या सापडल्या की नोटीस त्याच कलमाखाली येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शहरात पाणी आधी आलं, गटारं मागून आली. विहारचं पाणी १८६० मध्ये, तुळशीचं १८७९ मध्ये, तानशाचं १८९२ मध्ये. पूर्वी विहिरीवरून कळशीनं आणलेलं पाणी माणूस जपून वापरायचा. नळ आल्यावर घराघरांतून कितीतरी जास्त सांडपाणी बाहेर पडायला लागलं आणि ते वाहून न्यायला धड वाट नव्हती. त्यात शहराचे सखल भाग कचऱ्याची भर टाकून उंच केलेले. अशा जमिनीवरच्या चाळीचं जोतं बुटकं असेल तर तळमजल्याची ओल उन्हाळ्यातसुद्धा हटत नसे.

तपासणी मागच्या गल्लीपासून

चाळीची तब्येत कळायची ती मागच्या बाजूनं. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे, मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी पट्टी : घरगल्ली. कागदोपत्री ती हवा-उजेडासाठी मोकळी सोडलेली जागा. प्रत्यक्षात तिथंच संडासांचे तळ उघडायचे, तिथंच प्रत्येक मजल्याच्या मोरीचं पाणी पडायचं आणि तिथंच खिडकीतून कचरा भिरकावला जायचा. ती तशी बांधण्याचं दुसरंही कारण होतं, आणि ते स्वच्छतेचं नव्हतं. मैला उचलणारा माणूस पुढच्या दारी दिसू नये, यासाठी त्याची वाट मागून काढलेली. अस्पृश्यता दगड-विटांत कशी बांधली जाते ते बघायचं असेल तर जुन्या मुंबईची घरगल्ली बघावी.

संडासाची रचना अशी. प्रत्येक मजल्यावर एकावर एक शौचकूप. त्यांची भोकं एका उभ्या, विहिरीसारख्या पोकळीत उघडणारी. पोकळीच्या तळाशी टोपली, आणि गल्लीच्या बाजूनं ती ओढून घ्यायला छोटं झडपेचं दार. हलालखोर ते दार उघडायचा, टोपली रिकामी करायचा आणि मैला गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीपर्यंत वाहून न्यायचा. या कामासाठी म्युनिसिपालिटी घरांवर हलालखोर कर लावत असे.

टोपलीची ही पद्धत मूळ कोरड्या मैल्यासाठी ठीक. आपल्याकडे शौचाला पाणी लागतं. तिथंच सगळं बिघडलं. साधा हिशेब करू. तीस खोल्यांची चाळ, खोलीत सरासरी साडेचार माणसं, म्हणजे १३५ जण. माणशी रोज पाव किलो मैला धरला तर ३४ किलोच्या आसपास. आणि प्रत्येकानं एकदाच, एक लिटरचा तांब्या वापरला तरी वर १३५ लिटर पाणी. टोपली मैला धरेल, पाणी धरणार नाही. ते टोपलीतून गळून गल्लीच्या उघड्या गटारात जायचं, आणि गटाराची लादी फुटलेली असली की थेट जमिनीत.

त्यामुळं गल्लीत शिरल्यावर आधी लादी बघायची. ती सलग आहे का, सांधे भरलेले आहेत का, उतार एका बाजूला आहे का. हे कळायला बादलीभर पाणी ओतून पाहणं पुरतं : पाणी थांबलं तर उतार चुकलाय, बघता बघता आटलं तर लादीखाली फट आहे. मग झडपेचं दार. त्याचा उंबरा उंच असेल तर टोपली ओढून निघत नाही, तिरकी करावी लागते, आणि निम्मं तिथंच सांडतं. मग टोपलीचा आकार. लहान टोपली भरून वाहते. मोठी टोपली भरली की एका माणसाला उचलत नाही, म्हणून ती अर्धीच रिकामी होते. आणि पोकळीच्या भिंती. वरच्या मजल्यावरून पडलेलं भिंतीला लागत लागत येतं. गिलावा खडबडीत असेल तर ते चिकटून राहतं, आणि ती भिंत बहुधा कुणाच्या तरी राहत्या खोलीचीही असते.

हलालखोर एक दिवस आला नाही तर काय होतं, हे म्युनिसिपालिटीला पुरतं माहीत होतं. ऑक्टोबर १८९६ मध्ये कमिशनर स्नो यांनी प्लेगच्या रुग्णांना सक्तीनं रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला आणि शहर खवळलं. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. हुकूम लगेच मागे घेतला गेला. त्यामागची सगळ्यात मोठी भीती ही, की सक्तीला घाबरून हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जातील. ते गेले असते तर प्लेग राहिला बाजूला, काही दिवसांतच मुंबईत राहणं अशक्य झालं असतं. अख्ख्या आरोग्य खात्याचा पाया त्या खात्यातल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर उभा होता. तपासणीच्या नोंदींत मात्र गल्लीची अवस्था सापडते, गल्लीत उतरणाऱ्याची फारशी नाही.

मोरी आणि पाण्याची गुडदी

खोलीच्या कोपऱ्यात मोरी. अंघोळ तिथं, भांडी तिथं, धुणंही तिथंच. तिचं पाणी पन्हळीनं नाहीतर नळानं मागच्या गल्लीत. इथं बघायची मुख्य गोष्ट म्हणजे नळाचं खालचं टोक. ते गटारापर्यंत न नेता अर्धवट सोडलेलं असेल तर पाणी भिंतीवर उडतं. तळमजल्याच्या मागच्या भिंतीवर माणसाच्या छातीपर्यंत हिरवा पट्टा दिसला की वरचा नळ अर्धवट आहे हे आत न जाता कळतं.

दुसरी गोष्ट तुंबण्याची. भांडी राखेनं आणि काथ्यानं घासली जात. राख, भाताची पेज आणि शितं एकत्र आली की नळाच्या वळणावर त्यांचा घट्ट थर बसतो. काठीनं ढोसून तो पुढं सरकतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा बसतो. उपाय साधा : मोरीच्या तोंडाशी जाळी, आणि वळणाजवळ उघडता येईल असं झाकण. जाळी बसे, पण पाणी हळू जातं म्हणून भाडेकरूच ती काढून टाकत. तासभरच नळाला पाणी असलेल्या घरात मोरी तुंबून चालत नाही, त्यामुळं त्यांचंही चुकत नव्हतं.

गटाराची हवा घरात येऊ नये म्हणून नळाला ट्रॅप लागतो. न्हाणीचा ट्रॅप हा शब्द आजही प्लंबरच्या तोंडी आहे. त्याचं काम एवढंच : वळणात दोन-तीन इंच पाणी कायम अडकवून ठेवायचं. पाणी जाऊ शकतं, हवा परत येऊ शकत नाही. ही पाण्याची गुडदी दोन प्रकारे उडते. खोली बंद राहिली की पाणी वाळतं. किंवा वरच्या मजल्यावरून एकदम बादलीभर पाणी सुटलं की त्याच्या ओढीनं खालच्या ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं. दुसऱ्या दोषावर इलाज म्हणजे नळाला वर छपराबाहेर काढलेली हवेची नळी. ती नसेल तर ट्रॅप कितीही चांगला असो, टिकत नाही.

बंद नळ गळतो का हे तपासायची त्या काळच्या इन्स्पेक्टरांची एक नामी पद्धत होती, विलायतेतून आलेली. छपरावर नळाच्या तोंडात पेपरमिंटचं तेल टाकायचं, वरून गरम पाणी ओतायचं, आणि खाली दुसऱ्यानं खोल्याखोल्यांतून वास घेत फिरायचं. जिथं पेपरमिंट दरवळला तिथं फट. नियम एकच : तेल ओतणाऱ्यानं तपासणी संपेपर्यंत खाली यायचं नाही. त्याच्या हातांना आणि कपड्यांना इतका वास असतो, की तो जिना उतरला की घरभर गळती सापडते.

खोली किती माणसांची

दाटी मोजायला तेव्हाचं माप हवेच्या घनफुटाचं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले माणसं. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात १८६२ च्या कायद्यानं तीन खोल्यांपर्यंतची छोटी घरं मोजून दारावर पत्र्याची पाटी ठोकत. पाटीवर घराचे घनफूट आणि आत किती माणसांना परवानगी, हे आकडे. मोठ्या माणसाला ३०० घनफूट, आठ वर्षांच्या आतल्या मुलाला निम्मे. पाटी आहे म्हटल्यावर मध्यरात्री इन्स्पेक्टर येऊन डोकी मोजत. चाहूल लागताच जास्तीची माणसं कपाटात नाहीतर छपरावर लपत.

हेच गणित मुंबईच्या खोलीला लावून बघा. दहा बाय बारा, उंची नऊ फूट : १,०८० घनफूट. म्हणजे तीन मोठी माणसं आणि एक लहान मूल. १९११ च्या शिरगणतीत मुंबईतली दहापैकी जवळजवळ सात माणसं एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती, आणि एका खोलीत सरासरी चाराहून जास्त. म्हणजे नियम काटेकोर लावला तर निम्मं शहर बेकायदा ठरेल. म्हणूनच कलम ३७९ खाली मॅजिस्ट्रेटपुढं जाऊन दाटी कमी करवून घेण्याची सोय असूनही तिचा सर्रास वापर करणं शक्य नव्हतं.

आणि सरासरीत खरी दाटी दिसत नाही. १९२२ मध्ये सरकारनं गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या स्थितीची पाहणी करायला डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरांना नेमलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या साधारण १५ बाय १२ फुटांच्या एका खोलीत त्यांना सहा कुटुंबं सापडली. जमिनीवर सहा चुली होत्या. चौकशीअंती माणसं निघाली तीस. छताला बांबू टांगलेले, रात्री त्यांवर कपडे आणि गोणपाट टाकून आडोसे करायचे. सहापैकी तीन बायका बाळंतपणाला टेकलेल्या. उंची नऊ फूट धरली तर माणशी ५४ घनफूट, त्यात सहा चुलींचा धूर.

यातली चुलींची गोष्ट तपासणाऱ्यानं शिकण्यासारखी. दिवसा गेलं तर माणसं कामावर, आणि कितीजण राहता विचारलं तर उत्तर नेहमी कमीच येणार, कारण खरं सांगितलं तर खोली जाण्याची भीती. चूल लपवता येत नाही. तशाच पाण्याच्या घागरींच्या उतरंडी, दोरीवरच्या घोंगड्या, भिंतीला टेकवलेल्या वळकट्या.

उजेडाचा कोन

प्लेगनंतर १८९८ च्या कायद्यानं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाडा, आग्रीपाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंगा या योजना त्याच्या. १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर हे उजेडाचा ध्यास घेतलेले गृहस्थ. १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर त्यांनी व्याख्यानं दिली. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घराच्या मागच्या बाजूसाठी हाच कोन होता.

कोन ऐकून घाबरायचं कारण नाही. साडेत्रेसष्ट अंश म्हणजे पायापेक्षा उंची दुप्पट. समोरची भिंत ४० फूट उंच असेल तर मधे २० फूट मोकळी जागा हवी. जागा फक्त १० फूट असेल तर कोन ७६ अंशांवर जातो. तळमजल्याच्या खिडकीत उभं राहून मान पार मागे टाकली तरच आभाळाची चिंचोळी पट्टी दिसते, आणि खोलीत चार पावलं मागे सरकलं की तीही नाही. एका बाजूला एक वीत आणि दुसऱ्या बाजूला दोन वीत असा पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापून आपल्या खिडकीच्या तळाशी धरा, तिरक्या कडेवरून बघा. समोरच्या इमारतीचा माथा त्या रेषेच्या वर गेला असेल तर घर ऑरसाहेबांच्या परीक्षेत नापास. आजच्या मुंबईत किती घरं पास होतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

चाळीतल्या सगळ्यात वाईट खोल्या मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना असत, पाठीला पाठ लावलेल्या, खिडकी फक्त बोळात उघडणारी. अशा खोलीला कितीही चुना मारा, ती सुधारत नाही. ऑर यांचं म्हणणं होतं की अख्खा मोहल्ला पाडण्यापेक्षा इमारतीचा नेमका भाग काढून उजेड आत घ्यावा. स्वस्त आणि शहाणपणाची कल्पना. पण काढलेला भाग म्हणजे काढलेल्या खोल्या, आणि काढलेल्या खोल्या म्हणजे मालकाचं बुडालेलं भाडं.

नोटीस कुठं अडायची

इन्स्पेक्टरचा रिपोर्ट आरोग्य अधिकाऱ्याकडे, तिथून नोटीस, मुदत, फेरतपासणी, आणि तरी काम झालं नाही तर मॅजिस्ट्रेट. कागदावर साखळी सरळ होती. पहिली गाठ मालक कोण इथंच बसायची. चाळ एकाची, ती ठरावीक रकमेला मक्त्यानं घेतलेली दुसऱ्यानं, त्यानं खोल्या भाड्यानं दिलेल्या, आणि खोली घेणाऱ्यानं आत आणखी पोटभाडेकरू घातलेले. नोटीस मूळ मालकाला जायची. त्याचं उत्पन्न मक्त्याचं, म्हणून दुरुस्तीत त्याला रस नाही. मक्तेदाराचा करार ठरावीक वर्षांचा, म्हणून लादी नवी बसवण्यात त्यालाही नाही.

दुसरी गाठ राजकीय. कॉर्पोरेशनमध्ये मत कर भरणाऱ्यांना, म्हणजे घरमालकांचं वजन भरपूर. भाडेकरूला मत नाही.

तिसरी गाठ चुन्याची. कलम ३७५ ची नोटीस पाळायला सगळ्यात स्वस्त. चुना मारला, इन्स्पेक्टरनं बघितला, केस बंद. चुना निरुपयोगी नाही. चुन्याची ताजी कळी जागेवरच भिजवून, गरम असतानाच मारली तर ती जंतू मारते आणि अंधाऱ्या खोलीत उजेडही वाढवते. पण भिजवून उघडा ठेवलेला चुना हवेतला कार्बन डायॉक्साईड घेऊन निव्वळ खडू होतो. तो भिंत पांढरी करतो, बाकी काही नाही. शेणानं सारवलेल्या भिंतीवर मारलेला चुना तर आठवडाभरात पापुद्र्यांनी सुटतो. फेरतपासणी चौथ्या दिवशी झाली की सगळं छान.

चौथी गाठ सगळ्यांत कठीण, आणि तिच्यात कुणाचा लबाडपणा नाही. कलम ३७८ खाली खोली बंद केली, दारावर अक्षरं रंगवली. आतली माणसं कुठं जाणार? गिरणीच्या भोंग्याला पोचता येईल इतक्या अंतरावर, तेवढ्याच भाड्यात. म्हणजे शेजारच्या चाळीत. इथली दाटी तिथं गेली. ट्रस्टनं नागपाड्याची घरं पाडली तेव्हाही हेच झालं : नव्या इमारतींचं भाडं जुन्या रहिवाशांना झेपेना आणि आसपासच्या वस्त्या आणखी भरल्या. राहण्यालायक नाही हे ठरवण्याचा अधिकार कायद्यानं दिला होता. राहण्यालायक जागा देण्याची जबाबदारी त्या कलमात नव्हती.

प्लेग आणि उंदीर

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. त्या वेळी खात्याचा समज असा, की रोग घाणीतून, कोंदट हवेतून, ओल्या जमिनीतून येतो. त्यामुळं सगळं बळ गटारं धुण्यावर, छपराची कौलं काढून ऊन आत घेण्यावर, जमीन आणि भिंती रसकापराच्या पाण्यानं, म्हणजे हजार भाग पाण्यात एक भाग पाऱ्याचा क्षार घालून, भिजवण्यावर. जंतू मारायला हे द्रावण जहाल. पिसवांवर त्याचा विशेष परिणाम नाही. आणि गटारं-घरं ढवळली की उंदीर शेजारच्या घरात.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि घरतपासणीचं झडतीत रूपांतर झालं. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं सैनिकांकरवी घरं तपासून घेतली. २२ जून १८९७ ला काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. तपासणीच्या दृष्टीनं या झडतीचा परिणाम लांबचा : लोक रुग्ण लपवू लागले, प्रेतं लपवू लागले, आणि पुढं साधी चुन्याची नोटीस घेऊन आलेला इन्स्पेक्टरसुद्धा संशयानं बघितला जाऊ लागला. १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ७,७६,००६.

उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, हे लोकांना आधीच उमगलं होतं. शास्त्राला वेळ लागला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत पिसवांवर प्रयोग केला, त्यावर फार कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून मुंबईत प्लेग संशोधन आयोगानं तो नेटानं तपासला. प्लेग झालेल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या गिनीपिगला प्लेग झाला, दोन फुटांवरच्याला नाही. हवा दोघांना एकच. फरक पिसूच्या उडीचा, ती जेमतेम चार-पाच इंच उडते. पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला तरी जनावर वाचलं, आणि कागदावर पिसवा मिळाल्या.

यानंतर खोलीत बघायच्या गोष्टी बदलल्या. वास येतो का हे मागे पडलं. जमीन मातीची की फरशीची, भिंतीच्या बुडाशी बीळ आहे का, कौलांखाली पोकळी किती, धान्याची पोती जमिनीवर आहेत की फळीवर, तळमजल्यावर वखार आणि वर बिऱ्हाडं अशी रचना आहे का. मांडवीतल्या धान्याच्या वखारींवर राहणारी माणसं आधी का मेली, याचं उत्तर या यादीतच होतं. मेलेला उंदीर सापडला की कुठल्या घरातून आला याची चिठ्ठी लावून परळच्या प्रयोगशाळेत जायचा. ज्या गल्लीत आज उंदीर पडले तिथं काही दिवसांनी माणसं आजारी पडणार, हे आता नकाशावर दिसायला लागलं.

एक आकडा जपून वाचावा

१९२१ च्या मुंबईचा एक आकडा वारंवार उद्धृत होतो : एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांमध्ये हजार जन्मांमागे सुमारे ८२८ अर्भकं वर्षाच्या आत दगावली. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत सुमारे १३३. फरक खरा आहे, पण ८२८ हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. कोकणातल्या, घाटावरच्या बायका बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद तिकडे, आणि तान्हं मूल घेऊन परत आल्यावर ते गेलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. भागाकारात वरचा आकडा पुरा, खालचा अपुरा. चाळीत झालेल्या बाळंतपणांचीही नोंद सुटायची. दाट वस्तीत मृत्यू अनेक पटींनी जास्त होते एवढं मात्र या सगळ्या वजावटीनंतरही उरतं.

जी तपासणी चालली

हिवतापाची. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल दिला. शाळकरी मुलांच्या पोटाला हात लावून पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का हे बघायचं, त्यावरून कुठल्या भागात ताप मुरलाय ते ठरवायचं, आणि मग त्या भागातलं पाणी तपासायचं. शहरी मलेरियाचा डास, अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्साय, गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ पाणी लागतं : विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, कारंजी. इतकी वर्षं घाण हुडकणाऱ्या खात्याला आता घरातली सगळ्यात स्वच्छ जागा तपासायची होती.

विहिरी बंद करण्याच्या नोटिसा निघाल्या. विरोधही झाला, विशेषतः पारशी समाजातून. धार्मिक विधीसाठी विहिरीचं पाणी लागतं आणि त्यावर ऊन पडायला हवं, हे त्यांचं म्हणणं. काही ठिकाणी बारीक तारेच्या जाळीचं दार असलेलं झाकण, काही ठिकाणी अळ्या खाणारे मासे, अशा तोडी निघाल्या. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर आजही आहे.

ही तपासणी इतरांपेक्षा बरी चालली याची कारणं अगदी रोकडी. अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून फेरी आठवड्याची, आणि एवढ्या वेळात अळी पाण्यातच सापडते. बघायची गोष्ट एकच. उपाय स्वस्त : घट्ट बसणारं झाकण, जादा पाण्याच्या नळीच्या तोंडाला जाळी, आणि टाकीपर्यंत चढायला पक्की शिडी. शिडीची अट उगाच नाही. शिडी नसेल तर इन्स्पेक्टर खालूनच टाकी ठीक अशी नोंद करून निघून जातो. शिवाय झाकण बसवायला कुणाला खोली सोडावी लागत नाही, मालकाचं भाडं बुडत नाही.